फेस आला म्हणजे काम झालं असं नाही

गेल्या मे महिन्यात थोरल्या पुतण्याच्या हळदीला व्हायचा तो गोंधळ झालाच. पोरांनी एकमेकांना धरून धरून हळद फासली आणि धाकट्याचा पांढराशुभ्र सुती कुर्ता कॉलरपासून कोपरापर्यंत पिवळा झाला. कुर्ता त्याचा नव्हता, मित्राकडून मागून आणलेला. त्यात हळद सांगलीची. तिचा रंग सहजासहजी सोडत नाही, म्हणून तर तिला भाव आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीच हा पठ्ठ्या हरभट रोडवरच्या मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइडची एक तपकिरी बाटली घेऊन हजर. "काकू, हे ओततो बघा आता. फेस आला की डाग गेलाच समजायचं."

मी २८ वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. फेसाची ही समजूत मी कंपाउंडरकडून ऐकली, पार्लरमधल्या मुलींकडून ऐकली आणि सगळ्यात आधी आईकडून ऐकली. हायड्रोजन पेरॉक्साइड हे नाव आईच्या तोंडात कधी बसलंच नाही, ती त्याला 'फेसाचं औषध' म्हणायची. औषध चांगलंच आहे. घरातल्या काही कामांना त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण फेसाकडं बघून ते वापरायला लागलं की नको तिथं ओतलं जातं आणि हवं तिथं लवकर पुसलं जातं. म्हणून पोराच्या हातातली बाटली काढून घेतली आणि त्याला आधी चहा दिला. खाली जे लिहिलंय ते बहुतेक त्या चहावरचंच बोलणं आहे.

पाणीच, पण एक ऑक्सिजन जास्त

पाण्याच्या कणात हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक. पेरॉक्साइडमध्ये हायड्रोजन दोनच, ऑक्सिजन मात्र दोन. त्या दोन ऑक्सिजनमधला बंध कच्चा असतो. खच्चून भरलेल्या एसटीत दारात लटकलेला माणूस पहिल्या धक्क्याला खाली उतरतो, तसं हे. धक्का कशाचाही चालतो. ऊन, उष्णता, लोखंड किंवा तांब्याचे बारीक कण, सोड्यासारखा अल्कली पदार्थ. धक्का बसला की जादाचा ऑक्सिजन सुटतो आणि मागं उरतं साधं पाणी. वास नाही, चिकटा नाही, मीठ नाही. घरकामात याला मान आहे तो यामुळंच.

हे द्रावण पहिल्यांदा केलं ते फ्रान्सच्या लुई जाक तेनार यानं, १८१८ साली. बेरियमच्या एका संयुगावर आम्ल घालून त्यानं ते मिळवलं आणि त्याला नाव दिलं 'ऑक्सिजनवालं पाणी'. दोनशे वर्षांत यापेक्षा सोपं वर्णन कुणाला सुचलेलं नाही.

सुटलेला ऑक्सिजन शेजारी जे असेल त्याला जाऊन भिडतो. शेजारी रंगाचा कण असेल तर त्याची साखळी तुटते. रंग दिसतो तो या साखळीमुळं, त्यामुळं ती तुटली की रंग मावळतो. पुष्कळदा डागाचा पदार्थ कापडातच असतो, फक्त आता तो दिसत नाही. शेजारी जिवाणू असेल तर त्याच्या पेशीची मोडतोड होते. शेजारी तुमच्या गुडघ्याची उघडी पडलेली ताजी पेशी असेल तर तिचीही तीच गत. त्याला डाग कळत नाही, जंतू कळत नाही आणि आपलं कातडं तर मुळीच कळत नाही.

मग फेस कशाचा?

घरी करून बघण्यासारखा प्रयोग आहे. कच्च्या बटाट्याची एक चकती कापा आणि तिच्यावर पेरॉक्साइडचे चार थेंब टाका. फसफसून पांढरा फेस येईल. आता उकडलेल्या बटाट्यावर टाका. ढिम्म. दोन्ही बटाटे एकाच पोत्यातले, जंतूंच्या बाबतीत म्हणाल तर कच्चाही धुतलेलाच होता.

फरक आहे तो कॅटलेज नावाच्या विकराचा, म्हणजे एन्झाइमचा. वनस्पतींच्या आणि प्राण्यांच्या पेशींत, आपल्या रक्तातसुद्धा तो भरपूर असतो. कारण पेशींचं रोजचं काम चालू असताना थोडंथोडं पेरॉक्साइड शरीरातही तयार होतं. आपल्या पांढऱ्या पेशी तर जंतू मारायला ते मुद्दाम तयार करतात. या घरच्याच विषाची विल्हेवाट लावायला कॅटलेज नेमलेला आहे. त्याचा एक कण सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो कण फोडून पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतो. बटाटा उकडला की विकर बिघडतो, म्हणून फेस बंद.

म्हणजे जखमेवर फेस येतो तेव्हा तो सांगत असतो की इथं रक्त आहे, मांस आहे. जंतू मेले हे तो सांगत नाही. उलट तुम्ही ओतलेलं पेरॉक्साइड काम करायच्या आतच संपत चाललंय, ही त्या फेसाची बातमी आहे. आणि धुतलेल्या ओट्यावर तेच द्रावण पसरलं तर फेस येत नाही, बाईमाणसाला वाटतं बाटली जुनी झाली. तसं नाही. तिथं त्याला फोडणारं कुणी नाही, म्हणून ते दहा मिनिटं टिकून निवांत काम करतं. फेस नाही तिथंच काम जास्त, हे माझ्या विद्यार्थ्यांना पटवायला मला दरवर्षी एक बटाटा लागायचा.

लेबलवरचे दोन आकडे

पुतण्यानं आणलेल्या बाटलीवर '६ टक्के' आणि '२० व्हॉल्यूम' असं दोन्ही होतं. आपल्याकडं मेडिकलमध्ये मिळते ती बाटली बहुतेक हीच. टक्के कळतात. व्हॉल्यूमचा अर्थ असा, की १ मिली द्रावण पूर्ण फुटलं तर त्यातून २० मिली ऑक्सिजन वायू निघेल. ३ टक्के म्हणजे १० व्हॉल्यूम, ९ टक्के म्हणजे ३०, १२ टक्के म्हणजे ४०. पार्लरमध्ये 'हिला वीसचं लावू की तिसाचं?' असं चालतं ना, ते आकडे हेच. केसांच्या रंगाबरोबर जो पांढरा डेव्हलपर येतो, तो म्हणजे मलईच्या रूपातलं पेरॉक्साइड.

इंटरनेटवरच्या कृती बहुतेक ३ टक्क्यांच्या द्रावणासाठी लिहिलेल्या असतात, कारण परदेशात दुकानात तेच मिळतं. आपण ६ टक्क्यांची बाटली उचलतो आणि तीच कृती करतो. म्हणजे प्रत्येक गोष्ट दुप्पट तीव्र. म्हणून आधी हिशेब करायचा. एक वाटी ६ टक्के आणि एक वाटी पाणी मिळून झालं ३ टक्के. एक भाग औषध आणि तीन भाग पाणी म्हणजे दीड टक्का. लागेल तेवढंच मिसळायचं आणि उरलेलं ओतून द्यायचं. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार आणि धातूंचे अंश असतात, त्यात मिसळलेलं पेरॉक्साइड टिकत नाही. आरओचं पाणी घेतलं तर उत्तम.

याच्या वरचे आकडे घरात येता कामा नयेत. कापड उद्योगात सूत आणि कापड पांढरं करायला ५० टक्क्यांचं पेरॉक्साइड निळ्या कॅनमधून येतं. आपल्या पलीकडं इचलकरंजीसारख्या गावात प्रोसेसिंगवाल्यांना त्याची चांगली ओळख आहे, आणि ते लोक हातमोजे व चष्मा घातल्याशिवाय कॅनला हात लावत नाहीत. २००० सालच्या ऑगस्टमध्ये रशियाची कुर्स्क पाणबुडी ११८ जणांसह बुडाली, ती टॉर्पेडोमधल्या असल्याच तीव्र पेरॉक्साइडच्या गळतीनं झालेल्या स्फोटामुळं, असं तपासात निघालं. तरीही ३५ टक्क्यांचं 'फूड ग्रेड' पेरॉक्साइड पाण्यात थेंब थेंब टाकून प्यायलं की कॅन्सरपासून दम्यापर्यंत सगळं बरं होतं, असे संदेश फिरत असतात. 'फूड ग्रेड'चा अर्थ ते प्यायचं असा नाही. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं, २००६ मध्येच याविरुद्ध इशारा दिला होता. पोटात गेलेल्या तीव्र पेरॉक्साइडमधून इतका वायू सुटतो की त्याचे बुडबुडे रक्तवाहिन्यांत शिरून माणूस दगावू शकतो. दुधात ते टाकलं तर दूध नासायला उशीर लागतो, पण आपल्या कायद्यानं ती भेसळ आहे.

हळदीचा डाग, सविस्तर

आता कुर्त्याकडं येऊ. हळदीचा पिवळा रंग म्हणजे कर्क्युमिन. त्याचे तीन स्वभाव माहीत असले की निम्मं काम होतं. पाण्यात ते विरघळत नाही, तेलात विरघळतं. अल्कली लागला की लाल होतं. आणि उजेडात तुटतं.

हळदीच्या समारंभात हळद तेलात किंवा दुधात कालवलेली असते, म्हणजे रंग तेलाबरोबर धाग्यात शिरलेला. नुसतं पेरॉक्साइड ओतलं तर ते तेलावरूनच घसरतं. म्हणून आधी सुकलेली हळद झटकायची आणि भांडी घासायच्या लिक्विड साबणानं डाग हलक्या हातानं चोळून गार पाण्यात धुवायचा. या वेळी डाग लालभडक होतो आणि घरात एकच कल्ला होतो, 'कुंकू कुठून आलं?' घाबरायचं नाही. साबणाच्या अल्कलीमुळं हळद लाल दिसते. हळदीला चुन्यात रंगवून कुंकू करतात ते याच गुणावर. खळखळून धुतलं की रंग परत पिवळ्यावर येतो, आधीपेक्षा फिका.

मग ३ टक्क्यांचं द्रावण. डाग पूर्ण भिजेल इतकं ओतायचं, चिमूटभर खायचा सोडा भुरभुरायचा, म्हणजे पेरॉक्साइडला चेव येतो, आणि अर्धा तास ठेवायचं. नंतर धुऊन ओला कुर्ता कडक उन्हात, डागाची बाजू वर करून. खरं सांगायचं तर हळदीच्या डागात मोठा वाटा उन्हाचा आहे. पेरॉक्साइड त्याला हात लावतं एवढंच. आमच्या आजीनं ही बाटली आयुष्यात पाहिली नव्हती आणि तरी तिची लुगडी स्वच्छ असायची, कारण ती हळदीचा डाग साबण लावून दोन दिवस गच्चीत टाकायची.

हे सगळं पांढऱ्या सुती कापडासाठी. रंगीत कापडावर आतल्या शिवणीला एक थेंब लावून तासभर बघायचं. रंग उडाला तर विषय संपला. पैठणी, जरीचं काठपदर, लोकर, रेशीम, यांच्या वाट्याला जायचं नाही. जर धातूची असते, आणि धातू पेरॉक्साइडला काय करतो ते वर आलंच आहे. गंजाचा डाग असलेल्या कापडावर तर चुकूनही नको. लोखंडाच्या कणापाशी पेरॉक्साइड इतक्या जोरात फुटतं की तिथला धागाच झिजतो. ब्लीचिंग करताना कापडात लोखंडाचा कण राहिला तर बरोबर तिथं बारीक भोक पडतं, हे प्रोसेसिंगवाल्यांना चांगलं ठाऊक असतं.

रक्ताच्या डागाला मात्र याच्याइतकं चांगलं काही नाही. पाळीच्या दिवसांत चादरीला लागलेला डाग असो नाहीतर सुरी लागून रुमालाला पडलेला, आधी गार पाणी. गरम पाणी घातलं की रक्तातली प्रथिनं शिजून धाग्याला धरतात, मग तो तपकिरी वण आयुष्यभराचा. गार पाण्यानं उरलेल्या डागावर ३ टक्के पेरॉक्साइड टाका. इथं फेस येणार, भरपूर येणार, आणि या एका ठिकाणी तो उपयोगाचा आहे. बुडबुडे धाग्यात अडकलेलं रक्त उचलून बाहेर काढतात. पुसा, परत टाका, फेस यायचा थांबेपर्यंत.

पांढऱ्या शर्टाच्या काखेतले पिवळे डाग, टोपीच्या कडेचा घामाचा पट्टा यालाही चालतं. सोडा, लिक्विड साबण आणि पेरॉक्साइड यांची पातळ पेस्ट लावून अर्धा तास ठेवा. अशा डागांवर क्लोरीनचं ब्लीच घालणारे पुष्कळ भेटतात. त्यानं घामाचे डाग कधीकधी आणखी पिवळे पडतात. बाजारात डागांसाठी जी 'ऑक्सी' नावाची पावडर मिळते, तिच्यातही असतो तो धुण्याच्या सोड्याबरोबर बांधून कोरडा केलेला पेरॉक्साइडच. पावडर पाण्यात पडली की तो मोकळा होतो. गार पाण्यात त्याला कंटाळा येतो, कोमट ते गरम पाणी लागतं.

ओटा, फरशी आणि २०१९ ची बुरशी

स्वयंपाकघरात माझा नियम एकच आहे, आधी धुणं मग पेरॉक्साइड. भाजी-मटण कापायचा पाट साबणानं घासा, पाण्यानं धुवा आणि मग ३ टक्के द्रावण पसरून दहा मिनिटं ओला राहू द्या. परत धुऊन उन्हात ठेवा. फ्रिजच्या दाराच्या रबरातली काळी रेघ, सिंकची जाळी, बाथरूमच्या टाइल्समधले काळपटलेले सांधे, हे सगळं त्यानं निघतं. सांध्यांना सोड्याची पेस्ट करून लावली की ओघळत नाही. तांब्या-पितळेच्या देवाच्या भांड्यांना लावू नका, भांडी काळवंडतात आणि औषध फुकट जातं. गडद रंगाच्या ग्रॅनाइटवर आधी कोपऱ्यात बघा.

आधी धुणं हे मला पुस्तकानं शिकवलं होतं, पण पटलं ते पुरानं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी तिथं ४५ फूट. गावभागातल्या आमच्या घरात कमरेच्या वर पाणी होतं. ओसरल्यावर सगळीकडं तो चिकट काळा गाळ, आणि पंधरा दिवसांत भिंतींना, कडाप्प्याच्या मांडणीला, लाकडी कपाटाच्या पाठीला बुरशी. मी, शिकलेली बाई, घाईघाईत गाळ नीट न काढताच मांडणीवर पेरॉक्साइड फवारलं. केवढा तो फेस! मनात म्हटलं, वा. दुसऱ्या दिवशी बुरशी जशीच्या तशी.

काय झालं असणार ते उघड होतं. गाळात लोखंडाचे अंश, कुजलेला पाला, लाखो जिवाणू आणि त्यांचा कॅटलेज. सगळं औषध गाळानंच खाल्लं, बुरशीपर्यंत पोचलंच नाही. मग मांडणी साबणानं घासून, धुऊन, कोरडी करून पुन्हा फवारलं, दहा मिनिटं ठेवलं आणि पुसलं. कडाप्पा स्वच्छ झाला तो आजतागायत. भिंत मात्र हरली. वरची काळी बुरशी गेली, पण तीन आठवड्यांत परत आली. कारण प्लास्टर आतून ओलं होतं आणि बुरशीचे धागे आत पसरलेले, तिथवर वरून मारलेला फवारा पोचत नाही. शेवटी प्लास्टर खरवडावं लागलं. फरशी, काच, टाइल, कडाप्पा अशा पाणी न पिणाऱ्या गोष्टींवर पेरॉक्साइडचा भरवसा ठेवा. प्लास्टर, गादी, कच्चं लाकूड इथं नको. आणि बुरशी घासताना तोंडाला मास्क पाहिजेच.

अंगाला लावताना

लहानपणी सायकलवरून पडलं की दवाखान्यात गुडघ्यावर पहिलं हेच ओतायचे. आग व्हायची, फेस यायचा आणि मोठी माणसं समाधानानं माना हलवायची. आता साध्या खरचटलेल्या जखमेवर ते टाकू नये असं डॉक्टर सांगतात. कारण वर आलंच आहे. रक्तातल्या कॅटलेजमुळं त्यातलं बरंचसं फुकट जातं, आणि जे उरतं ते जंतूंबरोबर जखम भरून काढणाऱ्या नव्या पेशींनाही मारतं. जखम उशिरा भरते. वाहत्या स्वच्छ पाण्यानं आणि साबणानं पाच मिनिटं धुणं यापेक्षा बरं. खोल किंवा तोंड मिटलेल्या जखमेत तर पेरॉक्साइड कधीही भरू नये. आत सुटणाऱ्या वायूला बाहेर यायला वाट मिळत नाही आणि तो रक्तात शिरू शकतो.

गंमत म्हणजे जखमेवर मध लावायची जी जुनी पद्धत आहे, तिच्यातही पेरॉक्साइडच दडलेला आहे. मधमाशी मधात एक विकर घालते, आणि मध पातळ झाला की तो हळूहळू, अगदी थोडंथोडं पेरॉक्साइड तयार करत राहतो. शेजारच्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरजवळच्या मांघरला २०२२ मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून मान मिळाला. तिथला मध खाताना मला हे नेहमी आठवतं. मात्रा कमी आणि सावकाश, इथं माशीला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

लग्नसराईत विचारलं जाणारं दुसरं काम चेहऱ्याच्या ब्लीचचं. क्रीममध्ये पेरॉक्साइड असतं, बरोबरच्या पुडीतली पावडर त्याला जागं करते. त्यानं चेहऱ्यावरची बारीक लव सोनेरी होते आणि म्हणून चेहरा उजळ दिसतो. कातडी गोरी होत नाही. पावडर जास्त घातली तर लवकर होईल म्हणून चमचाभर ओतणाऱ्या मुली मी बघितल्यात, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे भाजलेले गालही. पुडीवर दिलंय तेवढंच प्रमाण, तेवढाच वेळ, प्लॅस्टिकचा चमचा, आणि आदल्या दिवशी कानामागं लावून बघणं. मुरुमांवर बाटलीतलं पेरॉक्साइड लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. मुरुमांच्या मलमात असतं ते बेंझॉइल पेरॉक्साइड. आडनाव एक असलं तरी घर वेगळं.

केस रंगवताना ते दोन कामं करतं. केसाचा मूळ रंग मोडतं, आणि डायमधले बिनरंगाचे बारीक कण केसाच्या आत शिरल्यावर त्यांना जोडून मोठे रंगीत कण करतं. मोठे झाले की ते बाहेर येऊ शकत नाहीत, म्हणून पक्का रंग धुऊन जात नाही. डायची ॲलर्जी मात्र भयंकर असू शकते. दोन दिवस आधी हातावर लावून बघा, कितीही घाई असली तरी.

दातांसाठी गुळण्या करायच्या तर दीड टक्क्याच्या द्रावणानं, अर्धा मिनिट, आणि थुंकायचं. डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढेच दिवस. महिनोन्‌महिने केलं तर हिरड्या चुरचुरतात आणि जिभेवर काळसर लव उठल्यासारखं होऊ शकतं. दात पांढरे करायचे असतील तर मिरजेत डेंटिस्टची काय कमी आहे का, त्यांच्याकडं जा. कानातला मळ यानं मऊ होतो हे खरं, पण पडद्याला भोक असेल तर त्रास वाढतो, आणि भोक आहे की नाही हे आपलं आपल्याला दिसत नाही.

काम करताना बोटं पांढरीफटक पडून चुरचुरली तर रंग लागला असं वाटतं. कातडीत शिरलेल्या ऑक्सिजनचे ते बारीक बुडबुडे असतात, धुतल्यावर दोन-तीन तासांत जातात. डोळ्यात उडालं तर नळाखाली निदान १५ मिनिटं डोळा धुवा आणि डॉक्टर गाठा. मुलानं प्यायलं तर उलटी करवू नका, बाटली बरोबर घेऊन थेट दवाखाना.

कशात मिसळायचं नाही

'व्हिनेगर आणि पेरॉक्साइड एकाच स्प्रेमध्ये' हे रील आमच्या भिशीच्या ग्रुपवर चारदा आलं. दोन्ही एकत्र आले की परॲसिटिक आम्ल होतं. दवाखान्यात उपकरणं निर्जंतुक करायला ते वापरतात, पण आपल्या बंद मोरीत त्याच्या वाफांनी डोळे आणि घसा जळतो. संडास साफ करायच्या ॲसिडबरोबर तर अजिबात नको, त्यातून क्लोरीन वायू सुटू शकतो. क्लोरीनच्या ब्लीचमध्ये घातलं तर दोन्ही एकमेकांना संपवतात, भांडं तापतं, उसळतं आणि हाती काहीच लागत नाही. एका वेळी एकच गोष्ट, मध्ये पाण्यानं धुणं.

बाटली तपकिरी असते ती उजेडापासून वाचवायला. ती तशीच ठेवा, थंड अंधाऱ्या कपाटात, मुलांच्या हाताच्या वर. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये खिडकीत ठेवलेल्या बाटलीची ताकद लवकर उतरते. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवू नका. एक तर कुणीतरी तहानेला पिईल, आणि दुसरं म्हणजे १०० मिली ६ टक्के द्रावणातून दोन लिटर वायू निघतो, घट्ट बुचाची बाटली त्यानं फुगते. जुनी बाटली चालते का बघायचं असेल तर बटाट्याची चकती आहेच. इथं तरी फेसावर विश्वास ठेवायला माझी हरकत नाही.

कुर्ता दोन दिवस आमच्या गच्चीवर होता. बाही आणि छाती पांढरी झाली, मित्राला कळणारही नाही इतकी. फक्त कॉलरच्या आतल्या घडीत पिवळी रेघ राहिली, कारण पोरानं कॉलर दुमडलेलीच वाळत घातली होती आणि तिथं ऊन पोचलंच नव्हतं. "काकू, तिथं तर सगळ्यात जास्त फेस आला होता," असं तो म्हणाला. मी कॉलर उलटी करून कुर्ता परत दोरीवर टाकला.